जीर्णोद्धारात वीरगळांना जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणात सध्या गावोगावी ग्रामदेवतांच्या मंदिरांचा जीर्णोद्धार मोठ्या श्रद्धेने चालू आहे. त्याला कोणाचाही विरोध असण्याचे कारण नाही. परंतु जांभ्याच्या जुन्या भिंती उतरवताना आवारातले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड) आणि सतीशिळा (सती गेलेल्या स्त्रियांच्या स्मृतिशिळा) उपटून कुंपणाशी टाकल्या जातात, पायऱ्यांत बसवल्या जातात किंवा ऑइलपेंटने रंगवल्या जातात, हे पाहून अतिशय वाईट वाटते.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई आणि धारातीर्थी पडलेला वीर, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आकाशात असेपर्यंत ही स्मृती टिकावी, अशी त्याची मांडणी असते. बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. माणसाचे नाव गेले, गोत गेले, तरी तो कशासाठी मेला हे पाथरवटाने केवळ आकृत्यांतून सांगून ठेवले आहे, आणि अक्षरओळख नसलेल्या गावकऱ्यालाही ते कळत होते. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर तर वल्ह्यांच्या युद्धनौकांच्या रांगा कोरल्या आहेत. आपल्या किनाऱ्यावरील मध्ययुगीन आरमारी लढाईचे इतके स्पष्ट चित्र दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल.

सतीशिळेवरचा कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात पाहताना मन अस्वस्थ होते आणि ते व्हायलाच हवे. त्या प्रथेचा गौरव मुळीच नको, पण त्या स्त्रीची एवढी एकच खूण उरली असेल तर ती पुसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाने दगड झिजतोच. त्यावर रंगाचे थर चढले की कोरीवकाम बुजून जाते, आणि सिमेंटमध्ये पक्की बसवलेली शिळा पुढे न तोडता काढता येत नाही. म्हणून देवस्थान समित्यांनी कामाचा आराखडा करतानाच या शिळांची जागा ठरवावी, हलवण्यापूर्वी छायाचित्रे व मूळ जागेची नोंद करावी, आणि वर साधे छप्पर व शेजारी मराठीत माहितीफलक लावावा. एकूण खर्चाच्या मानाने हे काम किरकोळ आहे. आपल्या दैनिकाने वाचकांकडून गावोगावच्या वीरगळांची छायाचित्रे मागवून ती क्रमशः प्रसिद्ध करावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मालवण