ऑनलाइन फिजिओथेरपी : पायासाठी नियम वेगळे

मा. संपादक,
स. न.

पक्षाघातानंतरची फिजिओथेरपी आता व्हिडिओ कॉलवरही होऊ लागली आहे, आणि ते चांगलेच आहे. आठवड्यातून तीनदा पेशंटला रिक्षात बसवून न्यायचे, त्यासाठी घरातल्या कुणीतरी अर्ध्या दिवसाची रजा काढायची, हा क्रम फार दिवस टिकत नाही. सर्वाधिक सुधारणा होण्याचे पहिले तीन महिने त्यातच निघून जातात. पण बऱ्याच ठिकाणी ‘ऑनलाइन’च्या नावाखाली व्यायामांच्या चित्रांची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि पंधरा दिवसांनी ‘कसं चाललंय?’ अशी विचारणा होते. हातासाठी हे कुचकामी आहे, पायासाठी धोक्याचे.

या पद्धतीच्या बाजूने नेहमी पुढे केला जाणारा अमेरिकेतील अभ्यास (२०१९, ११ केंद्रे, १२४ रुग्ण) हाताच्या व्यायामांचा होता. घरून केलेली ३६ सत्रे दवाखान्यातल्या सत्रांच्या तोडीस तोड ठरली, हे खरे. मात्र रुग्ण खुर्चीत बसून हात हलवत असेल तर पडण्याचा प्रश्न फारसा येत नाही. चालण्याबाबत २०११ चा ४०८ रुग्णांचा अभ्यास अधिक उपयोगी आहे. शरीराचा भार पट्ट्यांनी उचलून धरणारी महागडी ट्रेडमिल आणि घरी करून घेतलेले ताकदीचे व तोल सांभाळण्याचे व्यायाम, दोन्हींनी चालण्यात सारखीच सुधारणा झाली. अर्थात तिथे फिजिओथेरपिस्ट स्वतः घरी जात होता. उलट भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१७) नातेवाइकांना शिकवून व्यायाम त्यांच्यावर सोपवले, तेव्हा सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबनाच्या प्रमाणात काहीच फरक दिसला नाही. घरची माणसे कमी पडली असे आम्ही म्हणणार नाही. पण व्यायाम कधी वाढवायचा आणि कुठे चुकतो आहे, हे बघणारा जाणकार डोळा शेवटपर्यंत लागतो. व्हिडिओ कॉलने तो मिळू शकतो, फक्त कॅमेऱ्याला पाय दिसला पाहिजे.

इथेच बहुतेक सत्रे फसतात. नातेवाईक एका हातात फोन धरतात आणि दुसऱ्या हाताने पेशंटला. दोन्ही कामे अर्धवट होतात. फोन स्टुलावर, कमरेच्या उंचीला, अडीच-तीन मीटरवर टेकवून ठेवावा. खिडकी फोनच्या मागे असावी, पेशंटच्या मागे नको. लहान खोलीत एवढे अंतर मिळत नाही, मग पडवी किंवा पॅसेज वापरावा. साडी, लुंगी, पायघोळ गाउन यांत गुडघा दिसत नाही, म्हणून हाफ पँट किंवा वर दुमडलेला पायजमा हवा. समोरून वजन कोणत्या पायावर आहे ते कळते. गुडघा मागे जातो का, टाच टेकते का, हे मात्र दुबळ्या बाजूने, आडव्या कोनातूनच दिसते. नेट अडखळत असेल तर वीस सेकंदांचे दोन व्हिडिओ काढून आधीच पाठवावेत. आणि ‘एक, दोन’ ही मोजणी मदतनिसानेच करावी, कारण आवाज उशिरा पोचतो आणि पेशंटची लय मोडते.

मदतनिसाची जागा दुबळ्या बाजूला, किंचित मागे. धरायचे ते कमरेच्या रुंद पट्ट्याला. काखेत हात घालून उचलणे किंवा लुळा हात ओढणे ही आमच्याकडे दिसणारी सर्वांत महाग चूक. खांदा सैल झालेला असतो, तो दुखावतो, आणि मग पायाचेही व्यायाम बंद पडतात.

घरी सर्वाधिक फायद्याचा व्यायाम कोणता, असे विचारले तर आमचे उत्तर एकच : खुर्चीतून उठणे-बसणे. खुर्ची हातांची, लाकडी किंवा लोखंडी, पाठ भिंतीला टेकलेली. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सरकते, ती नकोच. बैठक साधारण ४५ सेंमी उंच असते. तेवढ्यावरून उठता येत नसेल तर घट्ट घडी घातलेली सतरंजी टाकून ती ५०-५५ सेंमीवर न्यावी. दोन्ही टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे, त्यातही दुबळे पाऊल चांगल्या पावलाच्या किंचित मागे. हा बारकावा सोडला की पेशंट सगळा भार चांगल्या पायावर टाकून उठतो. संख्या पूर्ण होते, दुबळा पाय होता तिथेच राहतो. उठताना छाती पुढे, नाक पायाच्या बोटांच्या रेषेत. बसताना तीन अंक मोजत सावकाश, धपकन नाही. दहाचे तीन फेरे, मध्ये एक-दोन मिनिटे विश्रांती, दिवसातून दोन वेळा. दोन दिवस लागोपाठ दहाचा फेरा सहज झाला की बैठक दोन-तीन सेंमीने खाली आणायची. महिनाभर त्याच उंचीवरून तेवढेच दहा करत राहणे हा वेळ घालवणे आहे.

भार खरोखर पडतो का, हे घरच्या वजनकाट्यावर कळते. ओट्याला धरून उभे राहायचे, दुबळ्या पायाखाली काटा, चांगल्या पायाखाली तेवढ्याच उंचीची न हलणारी फळी, आणि मदतनिसाने आकडा मोठ्याने वाचायचा. साठ किलोच्या माणसाचा आकडा तिशीच्या आसपास हवा. तो पंधरावर अडकला असेल तर चालणे वाढवण्याआधी वजन दुबळ्या पायावर नेण्याचा सराव हवा. हा आकडा पेशंटलाही आवडतो, दुसऱ्या दिवशी तो स्वतःच काटा मागतो.

चालण्याची प्रगती ‘बरं वाटतंय’ यावर मोजू नये. जमिनीवर चार मीटरच्या दोन खुणा कराव्यात, आधी-नंतर एकेक मीटर मोकळे. चार मीटरला दहा सेकंद म्हणजे सेकंदाला ०.४ मीटर. त्याहून हळू असेल तर चालणे घरापुरतेच. पाच सेकंद, म्हणजे सेकंदाला ०.८ मीटर, याहून वेगाने चालता आले की बाजारात जाण्याचा विचार करता येतो. वेळ घरातल्या माणसाने मोजावी, स्क्रीनवर बघून नाही.

उभे राहताना गुडघा मागे लॉक होत असेल तर ‘अजून चाला’ हा सल्ला नुकसान करतो. मांडी दुबळी आणि पोटरी आखडलेली, म्हणून पेशंट गुडघा मागे टाकून उभा राहतो. रोज शेकडो वेळा तसे झाले की मागचे बंध ताणतात आणि दुखणे कायमचे होते. ओट्याला धरून गुडघा जरासा वाकवून उभे राहणे, पोटरीचे तीस-तीस सेकंदांचे ताण, आणि घोट्याला आधार देणारा स्प्लिंट पुन्हा तपासणे हा त्यावरचा मार्ग. स्प्लिंट मात्र समोरासमोरच बसवून घ्यावा. काढल्यावर कातडीवरची लाली अर्ध्या तासात गेली नाही तर तो टोचतो आहे. मधुमेही पेशंटला ते जाणवणारही नाही. स्प्लिंटवर चप्पल नको, मागून बंद असलेला बूट हवा.

सत्राआधी रक्तदाब मोजणे ऐच्छिक नाही. डॉक्टरांनी वेगळी मर्यादा दिली नसेल तर १८०/११० च्या वर व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. पोटरी एकाएकी सुजली, दुखू लागली तर मालिश तर मुळीच नको, रक्ताची गुठळी असू शकते. चेहरा वाकडा, बोलणे जड, नवा अशक्तपणा दिसला तर कॉल तिथेच तोडून १०८. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला साडेचार तासांचीच मुदत असते. आणि ज्यांना आधाराशिवाय बसता येत नाही, जे एका बाजूचे भान नसल्याने दारावर आदळतात, किंवा ज्यांच्याजवळ सत्राच्या वेळी कुणीच नसते, त्यांना पायाचे उभ्याने व्यायाम ऑनलाइन देऊ नयेत.

आमची मागणी खर्चाची नाही. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने घरी सोडण्याआधी मदतनिसाला अर्धा तास हाताला धरून शिकवावे आणि त्याच्याकडून एकदा करून घ्यावे. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली चार ओळी वाढवाव्यात : किती सेंमी उंचीवरून उठता येते, पाच वेळा उठायला-बसायला किती सेकंद लागतात, चार मीटर चालायला किती, आणि रक्तदाबाची मर्यादा कोणती. फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या फिजिओथेरपिस्टला पहिल्या दिवशी एवढे पुरते. आज ते कुठेच लिहिलेले नसते.

— पक्षाघात पुनर्वसनात काम करणारे काही फिजिओथेरपिस्ट, नाशिक