दुसरा आवाज कुणाचा?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अन्यायाविरुद्ध आवाज उठवा, असं आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. आवाज उठवणाऱ्याच्या शेजारी बसलेल्या माणसाने काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. हे पत्र त्या शेजारच्या माणसाबद्दल आहे. रोजच्या जगण्यातल्या बहुतेक अन्यायांचा निकाल त्याच्या हातात असतो, असं माझं ठाम मत आहे.

मी जिथे नोकरी करत होतो तिथे सफाईचं काम कंत्राटी बायकांकडे होतं. त्यांच्या पगारातून दर महिन्याला काही ना काही कापलं जायचं आणि कशाबद्दल कापलं, ते सांगितलं जायचं नाही. एकदा पगारवाटपाच्या वेळी त्यांच्यातली एक जण सगळ्यांदेखत म्हणाली, "साहेब, मला कपातीचा हिशेब दाखवा." मुकादमाने आवाजही चढवला नाही. "बाकी कुणाची तक्रार नाही. तुलाच एकटीला त्रास आहे का?" एवढं विचारून त्याने पुढचं नाव पुकारलं. बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या. त्यांना मी बोल लावणार नाही. 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणायला मुकादमाला साधा कागदही लागत नव्हता. पण खोलीत कायम नोकरीवरची माणसंही होती. त्यांपैकी हिशेब विभागातले एक ज्येष्ठ सहकारी जागेवरून उठले आणि म्हणाले, "मलाही तो हिशेब बघायचाय." मुकादमाला वही आणावी लागली. वही उघडल्यावर आणखी दोघींनी आपापली कपात विचारली. कापलेले सगळे पैसे काही परत मिळाले नाहीत, थोडे मिळाले. पण पुढच्या महिन्यापासून कपातीचं कारण लिहून द्यावं लागलं.

'तुलाच एकटीला त्रास आहे का?' हा प्रश्न मी त्यानंतर अनेक तोंडांतून ऐकला. सभेत तो 'बाकी सगळ्यांना चालतंय' असा येतो. शाळेत 'फक्त तुमच्याच मुलाची तक्रार आहे' असा येतो. घरात सुनेला किंवा मुलीला 'तुझ्याच डोक्यात हे कुठून येतं?' असं विचारलं जातं. मूळ मुद्द्याला कुणी हातच लावत नाही. हिशेब चूक की बरोबर, वागणूक न्याय्य की अन्याय्य, हे बाजूला पडतं आणि बोलणारं माणूसच विचित्र ठरतं. दुसऱ्या कुणीतरी 'मलाही' म्हटलं की या प्रश्नातला दम संपतो. म्हणूनच तो इतक्या घाईने विचारला जातो.

मानसशास्त्रात याला भक्कम आधार आहे. अमेरिकेत सॉलोमन ॲश यांनी १९५०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. एक रेघ दाखवायची आणि तिच्याएवढी रेघ तिघींतून ओळखायला सांगायची. उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसणारं. पण खोलीतले बाकी सगळे आधी पढवलेले, ते ठरवून एकच चुकीचं उत्तर द्यायचे. एकट्या पडलेल्या माणसांची अशा फेऱ्यांतली जवळजवळ एक तृतीयांश उत्तरं गटासारखीच चुकीची निघाली. मग ॲश यांनी त्या गटात खरं उत्तर देणारा एक जोडीदार बसवला. गटाचा बाकी आकार तोच, दडपण तेच, तरी चुका साधारण चौथाईवर आल्या. मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो याच्या पुढचा भाग. हा जोडीदार मध्येच फिरून बहुमताला मिळाला, की त्या माणसाच्या चुका पुन्हा वाढल्या. सभेच्या आदल्या दिवशी 'मी तुझ्या बाजूने आहे' म्हणणाऱ्या आणि सभेत खिडकीबाहेर बघणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष दोनदा वाचावा.

माणसं निर्दय असतात म्हणून गप्प बसतात, हे मला पटत नाही. १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाटाने यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले विद्यार्थी ध्वनियंत्रणेवरून एकमेकांशी बोलत होते आणि बोलता बोलता एकाला झटका आल्याचं ऐकू येई. आपण एकटेच ऐकतो आहोत असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के जण झटका चालू असतानाच मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असं वाटणाऱ्यांत हेच प्रमाण ३१ टक्के होतं. न उठलेले कोरडे नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम आला होता, 'तो बरा आहे ना?' असं ते नंतर विचारत होते. जबाबदारी इतक्या जणांत वाटली गेली की कुणाच्याच वाट्याला पुरेशी आली नाही.

पण 'गर्दी मेलेली असते' असं म्हणून हात झटकायलाही जागा नाही. ॲमस्टरडॅम, केपटाऊन आणि लँकेस्टर या शहरांतल्या रस्त्यांवरच्या भांडणांचं कॅमेऱ्यातलं चित्रण तपासणारा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दहापैकी नऊ प्रसंगांत आसपासच्या कुणीतरी मध्ये पडून काहीतरी केलं होतं, आणि माणसं जास्त असतील तर मदतीची शक्यताही वाढत होती. उघड भांडण दिसलं की माणसं धावतात. अडचण होते ती आवाज न करता, नियमाच्या भाषेत, हसत हसत होणाऱ्या अन्यायाची. तिथे कुणीतरी आधी 'हे चुकीचं आहे' असं म्हणावं लागतं आणि मग दुसऱ्याने त्याच्या बाजूला उभं राहावं लागतं.

इतिहासही आपण पहिल्या नावावर थांबवतो. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय स्त्रीने १ डिसेंबर १९५५ रोजी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला, हे सर्वांना ठाऊक असतं. त्याच शहरात त्याच वर्षी २ मार्चला क्लॉडेट कॉल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीने हेच केलं होतं आणि तिलाही अटक झाली होती. तेव्हा शहर तिच्यामागे उभं राहिलं नाही. डिसेंबरात ते उभं राहिलं. ३८१ दिवस हजारो माणसं बसमध्ये चढली नाहीत, पायी कामाला गेली. ज्या खटल्याने बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरला, त्यातल्या चार फिर्यादी स्त्रियांपैकी एक कॉल्विन होती. धैर्य मार्चमध्येही होतं. कमी होती ती सोबतीची.

आपल्याकडे महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांसोबत हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ सालीच केला होता, पण तो कागदावर होता. हा लढा तळ्यावर गेलेल्यांचा आणि परतताना मार खाल्लेल्यांचा. तरीही या लढ्यात सोबत उभ्या राहिलेल्या सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या सवर्ण मंडळींची मला वारंवार आठवण होते. त्यांना स्वतःला ते पाणी कुणी नाकारलं नव्हतं. गप्प बसले असते तर त्यांना कुणी विचारलंही नसतं.

इतकं मोठं धाडस रोज लागत नाही. बैठकीत कुणाचं काम दुसऱ्याच्या नावावर खपवलं जात असेल, तर 'ही मांडणी तिने केली होती' हे वाक्य त्याच बैठकीत म्हणावं. नंतर जिन्यात गाठून 'तू बरोबर बोललीस' म्हणणं अन्याय करणाऱ्याला ऐकू जात नाही. 'हा नियम कुठे लिहिलाय?' हा प्रश्न शांतपणे विचारता येतो. तारीख, वेळ, कोण हजर होतं, नेमके शब्द काय होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवता येतं, कारण पुढे चौकशी झाली की सगळ्यांची स्मृती अचानक अंधुक होते. तक्रारीवर दुसरी सही करता येते. फक्त आधी ज्याच्यावर अन्याय झाला त्याला विचारावं. आपण जोशात बोलून मोकळे होतो आणि राग त्याच्यावर निघतो, असंही होतं. आणि ज्याचं पोट त्या जागेवर आहे त्याने पहिलं बोलावं, असा आग्रह सुरक्षित खुर्चीत बसलेल्यांनी धरू नये. ज्याचं कमी जाणार आहे, त्यानेच आधी उठायला हवं.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. कुणी अन्यायाविरुद्ध उभं राहिलं की आपण पहिल्या दिवशी त्याचा फोटो छापता, ते चांगलंच आहे. सहा महिन्यांनी त्या माणसाकडे पुन्हा वार्ताहर पाठवा. त्याची बदली झाली का, काम सुटलं का, शेजारी अजून बोलतात का, हे विचारा. त्या वेळी त्याच्या बाजूने दुसरं कोण बोललं होतं, हेही विचारा आणि त्या व्यक्तीची हरकत नसेल तर तिचंही नाव छापा.

आपला,
एक नियमित वाचक