बरं झालेल्या मुलांना बसवून ठेवू नका

संपादक महोदय,

माझी भाची पंधरा वर्षांची. रक्ताच्या कर्करोगातून उठून तिला दोन वर्षं झाली. शाळेत पीटीच्या तासाला मात्र तिला अजून वर्गात बसवतात, सगळ्यांची दप्तरं राखायला. काळजीपोटीच, पण हे चुकतंय. केमोच्या काही औषधांचा परिणाम हृदयावर वर्षांनंतरही दिसू शकतो. म्हणून तर डॉक्टरांना विचारून रोज चालणं, सायकल हवी. या वयाला जागतिक आरोग्य संघटना दिवसाला सरासरी ६० मिनिटं व्यायाम सांगते. घरी आम्ही कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, मेथीची भाजी देतो. पाहुणे मात्र वेफर्सच आणतात. आणि शाळेपासून १०० यार्डांत तंबाखूविक्रीला बंदी असूनही फाटकासमोर पुड्यांच्या माळा लटकतात. या मुलांच्या वाटेतून निदान त्या तरी हटवा.

— एक मावशी, अमळनेर