आमच्या फियाटचा पत्रा वाचवणाऱ्या मेस्त्रीकाकांना

काका, नमस्कार.

तुमच्या शेडमध्ये उभं राहून थँक्यू म्हटलं की तुम्ही हात झटकून दुसऱ्या गाडीखाली शिरता, म्हणून हे इथे सगळ्यांसमोर लिहितोय. तुम्ही नाही वाचलंत तरी तुमची नात वाचून दाखवेलच. आणि ज्यांच्या दारात अजून जुनी गाडी उभी आहे, त्यातून कोकणपट्टीत, त्यांनीही वाचावं असं मनापासून वाटतं.

गाडी आमची प्रीमियर पद्मिनी, १९८४ची, पण घरात आजही सगळे फियाटच म्हणतात. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगलाच गिअर, आणि इंजिन अजून एका चावीत सुरू होतं. पण रत्नागिरीत समुद्राच्या वाऱ्यात उभ्या गाडीचं इंजिन चांगलं राहून काय उपयोग, खालून पत्रा जात असतो ना. हवेतलं मीठ पत्र्यावर बसतं, ते मीठ हवेतलीच ओल ओढून धरतं, त्यामुळे पाऊस थांबला, ऊन पडलं तरी पत्र्याच्या सांध्यात ओल राहतेच आणि गंज आतल्या आत चालूच राहतो.

तुमच्याकडे यायच्या आधी एका ठिकाणी सांगितलं भंगारात द्या, दुसऱ्या ठिकाणी सांगितलं वरून पत्रा ठोकतो, खालून डांबर मारतो, संध्याकाळी घेऊन जा. दोघांपैकी कोणी मॅट उचलूनसुद्धा बघितली नव्हती. तुम्ही मात्र किंमत विचारल्यावर एवढंच म्हणालात, "आधी उघडून बघू दे, मग बोलू." मी आभार मानतोय ते मुख्य या एका वाक्याचे.

कारण मग तुम्ही खरंच सगळं उघडलंत. दोन्ही पुढच्या सीटा, मागची सीट, रबरी मॅट, तिच्याखालचं फेल्ट जे ओलं होऊन कुजलेलं होतं, सगळं बाहेर. गाडी जॅकवर न ठेवता घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, घेतलीत, आणि त्याही कुठे लावायच्या ते आधी हाताने चाचपून, कारण दाराखालचा पत्रा सडला असेल तर जॅक सरळ आत घुसतो. मग छोटी हातोडी घेऊन ठोकत निघालात आणि मला म्हणालात कान दे. चांगला पत्रा टणकन वाजतो, सडलेला बद्द वाजतो. जिथे बद्द वाजला तिथे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघितलंत, आणि काही ठिकाणी जो पत्रा वरून रंगासकट धडधाकट दिसत होता तिथे ते टोक पापडात घुसावं तसं आरपार गेलं! खडूने खुणा केल्यात, नुसता वरवरचा तांबूस गंज असेल तिथे एक रेघ, खड्डे पडून पत्रा पातळ झालाय तिथे दोन, आणि भोक असेल किंवा पडणार असेल तिथे फुली. मला वाटत होतं सगळा फ्लोअर गेला. फुल्या पडल्या त्या ड्रायव्हरच्या पायाखाली, डाव्या बाजूला मागच्या सीटच्या पुढे आणि दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पेटीच्या एका टोकाला, बाकी बहुतेक सगळीकडे एकच रेघ.

दाराखालच्या त्या पेटीपाशी तुम्ही बराच वेळ थांबलात, आणि का ते समजावूनही सांगितलंत. या गाडीला ट्रक-जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही, बॉडी हीच चासी. म्हणजे फ्लोअर नुसता पाय ठेवायला नसतो, सीटचे बोल्ट त्याच्यात, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा भार त्याच बॉडीवर येतो, आणि दाराखालची पेटी वाकली तर दार बसत नाही. म्हणून कापायच्या आधी दाराच्या फटी वरून खाली मापून घेतल्यात आणि दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्डिंगच्या टाक्यांनी तात्पुरता टॅक करून टाकलात. हे काम बिलात दिसत नाही, आणि न करणाऱ्याला कोणी विचारतही नाही.

पाणी येतं कुठून हे शोधल्याशिवाय ग्राइंडरला हात लावला नाहीत हेही मला फार आवडलं. पुढच्या काचेवर पाइपने पाणी सोडलंत आणि मला आत बसवलंत, तर काचेच्या खालच्या कोपऱ्यातून, कडक झालेल्या रबराच्या आतून, धार सरळ ड्रायव्हरच्या पायाशी. दारांच्या तळाची पाणी जायची भोकं मातीने बुजलेली, ती तारेने मोकळी केलीत. आणि मागे कधीतरी कोणीतरी खालून मारलेलं डांबर खरवडलंत तेव्हा ते पापुद्र्यांसारखं सुटून आलं, आत ओला गंज. गंजावर डांबर मारलं की ते सुटतं आणि मग पाणी बाहेर ठेवायच्या ऐवजी आत धरून ठेवतं, हे डोळ्यांनी बघितलं म्हणून पटलं.

मग काम. बॅटरीची वायर आधी काढलीत, पेट्रोलची टाकी आणि खालून जाणारा पाइप काढून लांब ठेवलात, ब्रेकचा पाइप बाजूला, आणि वेल्डिंग चालू असताना पोराला आत ओलं फडकं आणि बादली घेऊन बसवलंत. सडलेला भाग चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापला, दोन बोटं पुढेच. या गाडीचे फ्लोअरचे तयार तुकडे दुकानात कुठे मागणार, म्हणून १८ गेजचा पत्रा आणून त्याच्यावर जुन्यासारख्या नळ्या, म्हणजे उठावाच्या लांब रेघा, तुम्ही हाताने ठोकून काढल्यात, लाकडी ठोकळ्यावर. त्या नळ्यांमुळेच सपाट पत्र्याला ताकद येते, नाहीतर चालताना डबडब वाजतो. गॅसच्या ज्योतीने नाही, सीओटूच्या तारेच्या मशीनने वेल्डिंग, तेही सलग रेघ न ओढता एक टाका इकडे, एक टाका समोर, मधे थंड होऊ देत, कारण पातळ पत्रा गरम झाला की ओढला जातो. मी विचारलं होतं अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट मारून लावला तर गंजणार नाही ना, तर तुम्ही म्हणालात खाऱ्या ओलीत लोखंडाला टेकला की उलट तो पत्राच कडेने आधी खाल्ला जाईल. बरोबर आहे, दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी म्हटल्यावर तसंच होणार.

एक रेघवाल्या जागा वायर ब्रशने घासून त्याच्यावर रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज बांधून टाकणारं औषध, तो काळा पडून वाळल्यावर एपॉक्सी प्रायमर, सांध्यांना वरून-खालून सीलंट, मग रंग आणि सगळ्यात शेवटी खालून कोटिंग. खड्डे बुजवायची लांबी (पुट्टी) कुठेही भरली नाहीत. पेटीच्या आत नळीने मेण सोडलंत आणि तिची खालची भोकं मुद्दाम उघडी ठेवलीत. फ्लोअरच्या भोकांचे बूच मात्र नवे बसवलेत.

आणि पैसे. उघडल्यावर जो आकडा सांगितलात तोच घेतलात, जरी ती पेटी आतून वाटली होती त्यापेक्षा जास्त गेलेली निघाली तरी. मी वर द्यायला गेलो तर रागावलात. कापलेले तुकडे गोणीत भरून माझ्या ताब्यात दिलेत, काय काढलं ते बघून ठेव म्हणून. असं काम करणाऱ्या माणसाला लोकांनी मागेल तेवढा वेळ द्यायला हवा, संध्याकाळी गाडी मिळेल का विचारत उभं राहू नये.

आई आता पुन्हा पुढच्या सीटवर बसते. पाय टेकवायला घाबरायची ती, आता घाबरत नाही. यासाठी तुमचे आभार कसे मानायचे ते मला खरंच कळत नाही काका.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे पावसाळ्यात दर रविवारी मॅट उचलून हात फिरवतोय, अजून कोरडं आहे. डिकीत स्टेपनीखाली दोन रेघा राहिल्यात तुमच्या खडूच्या, त्या कामाला दिवाळीनंतर गाडी घेऊन येतो. हवी तितके दिवस ठेवा.

तुमचा,
फियाटवाला