भुयार तुझं की माझं?

रावपुरा, बडोदे

प्रिय बंड्या,

गणपतीपासून पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालायच्या त्या घालून घे, मग पुढे वाच. गुडघा आहे तसाच आहे.

वाड्याचं हॉटेल झालं. परवा उद्घाटन होतं. विकणाऱ्यांत माझीही सही, तेव्हा बोलावणं आलं आणि नको नको म्हणत गेलो. दिंडीदरवाजाला तेल पाजून असा चमकवलाय की आजोबा असते तर आत शिरायला बिचकले असते. चौकावर काचेचं छत, भिंतींवर तांबेकर वाड्यातल्या चित्रांच्या नकला. तुमच्या माडीवरच्या दोन खोल्यांचा 'स्वीट' केलाय. काकूंच्या चुलीच्या जागी बाथटब! त्यांचं उखळ खाली चौकात आणून त्यात पाणी नि गुलाबाच्या पाकळ्या. मला काकू ऐकूच आल्या, "मेल्यांनो, त्यात मिरच्या कुटतात!"

पण पत्र त्यासाठी नाही. तळघराच्या पायऱ्यांपाशी पितळी पाटी आहे: 'येथून लक्ष्मी विलास राजवाड्यापर्यंत गुप्त भुयार होते.'

आपलं भुयार, बंड्या! बाळ्याने खाली येऊन आपल्या विड्या पाहू नयेत म्हणून काढलेलं! तू लगेच म्हणशील, ते माझ्या डोक्यातून निघालं. अजिबात नाही. विश्वामित्रीतली मगर त्यातून वाड्यात येते, एवढंच तुझं. भुयार माझं. पन्नास वर्षं तू दोन्हींवर हक्क सांगतोयस.

आणि अक्कल बघ आपली. राजवाडा पुरा झाला 1890 साली, वाडा त्याच्या आधीचा. पणजोबांनी भुयार खणलं ते काय माळरानात निघायला? पाहुण्यांतल्या एकालाही हे सुचलं नाही. एका छोकऱ्याने मात्र विचारलं, "काका, मगर हजी छे?"

शेठला हे सांगितलं कोणी? बाळ्याने. थापा मारत नव्हता रे, त्याला ते खरंच वाटतं. साठीला आला तरी. सगळ्यांसमोर माझा हात धरून म्हणाला, "दादा, आतून गार वारा यायचा, आठवतं?" मी हो म्हटलं. काय म्हणणार होतो? वर शेठने तिथल्या तिथे ठरवलं, आम्हा दोघा भावांनी पायऱ्यांवर बसून भुयाराची गोष्ट सांगायची, ते व्हिडिओ काढणार. त्यालाही मी मान डोलावली.

तेव्हापासून झोप नाही. शेठची पाटी गेली खड्ड्यात, पितळ त्याचं. पण बाळ्याला आता या वयात सांगू, की आम्ही तुला बनवलं? तो लहानपणी त्या पायऱ्यांवरून जाताना माझा सदरा धरायचा, हे तुला ठाऊक आहे. आणि तेव्हा आपण दोघं किती हसायचो, तेही.

वहिनींच्या मोतीबिंदूचं झालं का? चिनूच्या नोकरीचे पेढे अजून पोचले नाहीत. एकदा येऊन जा. तू परराज्यातला, तुला हॉटेलात परमिट मिळेल. आम्ही इथले, आम्ही सोडाच पिणार.

शूटिंग रविवारी आहे. बाळ्याने नवा सदरा शिवायला टाकलाय.

तुझा,
विन्या

ता. क. त्याला तू सांगणार असशील, तर भुयारही तुझंच, असं लिहून देतो.