ठसे-तज्ज्ञांची परीक्षा न सांगता घ्या

महोदय,

सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी फॉरेन्सिक तज्ज्ञ गेलाच पाहिजे, अशी तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे बोटांचे ठसे जुळवणाऱ्या ठसे-तज्ज्ञांच्या टेबलावरचा ढीग वाढणार. त्यांचं काम तपासणार कोण?

मी इथे इंदुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केली. लॅबचे निकाल किती अचूक आहेत हे तपासणाऱ्या, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या योजनेतली नमुन्याची कुपी आम्ही दर महिन्याला उघडायचो. भुकटीत मोजून डिस्टिल्ड वॉटर घालायचं, फेस न आणता हळूहळू फिरवायचं, साखर-क्रिएटिनिनचे आकडे कळवायचे. मग देशभरातल्या लॅबमध्ये आपण कुठे बसतो, ते कळे. योजना उत्तमच. पण त्या कुपीची बडदास्त दिवाळसणाच्या जावयासारखी! आधी मशीन कॅलिब्रेट होणार, मग सर्वांत मुरलेला माणूस ती चालवणार. दुपारी साडेबाराच्या गर्दीतल्या पेशंटच्या रक्ताला हा मान कुठला?

ठशांचंही तेच. अमेरिकेत २०११ साली १६९ तज्ज्ञांची चाचणी झाली. दोन वेगळ्या माणसांचे ठसे एकच ठरवण्याची चूक ०.१ टक्के निघाली, पण एकाच माणसाचे ठसे वेगळे ठरवण्याची ७.५ टक्के. आणि आपली चाचणी चालू आहे, हे त्यांना ठाऊक होतं! २००४ च्या माद्रिद स्फोटात एफबीआयने ब्रँडन मेफिल्ड या वकिलाला ठशावरून पकडलं. पडताळणी करणाऱ्यांना आधीच्या तज्ज्ञाचं मत माहीत होतं. तेही ‘जुळतो’ म्हणाले. ठसा निघाला एका अल्जेरियन माणसाचा.

आपल्याकडे तज्ज्ञ अखिल भारतीय मंडळाची परीक्षा देतात. पण वीस वर्षांनंतरची नजर त्या निकालावरून कशी कळणार? अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या फॉरेन्सिक प्रयोगशाळेत खोट्या केस खऱ्या कामात गुपचूप मिसळतात. मध्य प्रदेशातही तसंच व्हावं. ठाण्याचा जावक क्रमांक, सील, पंचनामा, सगळं नेहमीसारखं. ठसा मात्र अर्धवट, पुसट, जसा चोरीच्या घरात मिळतो तसा. दुसऱ्या तज्ज्ञाला पहिल्याचं मत सांगू नये. निकाल बचाव पक्षाच्या वकिलालाही मागता यावा. फक्त चुकलेल्याच्या हाती लगेच मेमो देऊ नये, नाहीतर पुढची चूक फायलीतच दडेल.

खर्च म्हणाल तर काचेचे चार ग्लास आणि ठसे उमटवायला ठाण्यातलेच दोन शिपाई.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, रामबाग, इंदूर