डोंगरांवर पीएचडी करता येते, हेही छापा की

संपादक साहेब, नमस्कार.

बारावीचे, बीएस्सीचे निकाल लागले की तुमच्या पेपरात करिअरचं पान येतं, त्यात इंजिनिअरिंग, मेडिकल, हॉटेल मॅनेजमेंट, मर्चंट नेव्ही सगळं असतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच पेपरच्या पहिल्या पानावर एक दिवसाआड डोंगर कापला, शेत बुजवलं, किनारा खचला अशा बातम्या असतात आणि डोंगर, नदी, किनारा हाच विषय घेऊन युनिव्हर्सिटीत संशोधन करता येतं हे मात्र कुठे लिहिलेलं नसतं. भूरूपशास्त्र म्हणतात त्याला, जिओमॉर्फॉलॉजी. मी गोव्याबाहेर एका युनिव्हर्सिटीत अशाच रिसर्च ग्रुपमध्ये पीएचडी करतेय, घर डिचोली तालुक्यात, सुट्टीत आले की कोणी ना कोणी विचारतंच, बाय, तू शिकतेस तरी काय, आणि त्यात जायचं कसं? म्हणून एकदाच सगळ्यांसाठी लिहिते.

चिरेखाण बघितली नाही असा माणूस आपल्याकडे मिळणं कठीण. पुढच्या वेळी जाल तेव्हा खाणीची भिंत वरून खाली नीट बघा. वर काळपट लाल कडक कवच, त्याच्या खाली चिरे निघतात तो भोकाभोकांचा जांभा, आणि अजून खाली गेलं की दगड संपून पिवळट-पांढरी माती लागते, बोटांवर शाडूसारखी बसणारी. पाऊस जांभ्याच्या भोकांतून खाली उतरतो, त्या चिकण मातीपाशी अडतो आणि मग आडवा सरकत सरकत सड्याच्या (जांभ्याच्या पठाराच्या) पायथ्याला झर होऊन बाहेर पडतो, कितीतरी कुळागरं, म्हणजे माड-पोफळीच्या बागा, त्याच पाण्यावर उभी आहेत. आता नेमक्या त्याच पायथ्याला जेसीबी लावून उभा काप घेतला तर वरच्या मातीचा आधारच गेला, आणि ती ओली असते तेव्हा तर विचारूच नका. सडा ओसाड दिसतो म्हणून कामाचा नाही, असं समजणाऱ्यांनी हे एकदा जाऊन बघावं.

माळीण दरडीखाली गेलं ३० जुलै २०१४ ला, तळिये जुलै २०२१ मध्ये, इरशाळवाडी जुलै २०२३ मध्ये, आणि वायनाडमधली मुंडक्काई-चूरलमला ही गावं परत ३० जुलैलाच, २०२४ साली. आपल्याकडे २३ जुलै २०२१ ला म्हादई नदी गावांत शिरली, सत्तरीत डोंगर घसरले, नशीब म्हणायचं की माळीणसारखं काही झालं नाही. प्रत्येक वेळी टीव्हीवर तीच चर्चा, झाडं तोडली म्हणून, पाऊस जास्त म्हणून. दोन्ही खरंय, पण पाऊस तर सगळ्या डोंगरावर सारखाच पडतो, मग हाच उतार का आला आणि शेजारचा का नाही? मातीचा थर किती जाड होता, पाणी कुठून मुरत होतं, तिथे आधी कधी डोंगर घसरलेला का, त्याचा जुना व्रण दिसतो का, हे बघणारी माणसं म्हणजे भूरूपशास्त्रवाले. डोंगरकापणी अडवायला आपल्याकडे टीसीपी (टाउन अँड कंट्री प्लॅनिंग) कायद्यात कलम १७अ आहे, ग्रामसभेत तावातावाने बोलणारेही भरपूर आहेत, पण उताराचा नकाशा पुढे ठेवून बोलणारा गावात एखादाही असला तर खूप झालं.

आणि हे सगळं फक्त दरडींपुरतं नाही. मला स्वतःला सगळ्यात भारी वाटलं ते वाळूचं काम. नदीतून वाळू आणायची, चाळायची, चुंबकाने लोहाचे कण काढायचे, ॲसिडने धुवून फक्त क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, उरवायचं (हे ॲसिड भयंकर असतं, हायड्रोफ्लोरिक, ट्रेनिंग घेतल्याशिवाय हात लावू देत नाहीत) आणि मग त्यातलं बेरिलियम-१० हे दुर्मिळ मूलद्रव्य मोजायचं. अवकाशातून येणारे किरण जमिनीच्या वरच्या थरातल्या क्वार्ट्झवर पडून ते तयार होतं, म्हणजे कण वरच्या थरात जितका जास्त काळ राहिला तितकं ते जास्त. त्यावरून नदीच्या वरचा सगळा मुलूख सरासरी किती वेगाने झिजतोय ते काढता येतं. मोजणीचं मशीन दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये आहे, परदेशातच जायला हवं असं नाही. दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसतंच, त्यामुळे तिकडे ही पद्धत अडते, पण गोव्यात नाइस, ग्रॅनाइट, क्वार्ट्झाइट असे क्वार्ट्झवाले दगड आहेत आणि बेसाल्ट फक्त सत्तरीच्या ईशान्य कोपऱ्यात. म्हणजे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ही पद्धत चालेल, मग ती इथे का वापरू नये?

आता जायचं कसं. बीएस्सी जिऑलॉजी किंवा जिओग्राफी असेल तर सरळ रस्ता आहे, पण फिजिक्स, सिव्हिलवालेही येतात, आमच्यात आहेत. फेलोशिपसाठी नेट ही देशपातळीवरची परीक्षा द्यायची, जिऑलॉजीवाल्यांना सीएसआयआरची, जिओग्राफीवाल्यांना यूजीसीची, जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली की महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. त्याच्याआधी चव बघायची असेल तर सायन्स अकॅडमींची समर फेलोशिप असते, दोन महिने एखाद्या लॅबमध्ये. गाईडला ईमेल लिहिताना ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी हार्डवर्किंग’ हे प्लीज नको, तसले ढिगाने येतात. त्यांचा एखादा पेपर वाचा, न समजलेलं एक नेमकं विचारा, आणि तुम्हाला काय येतं ते लिहा. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे डाउनलोड होतात, उंचीचा सॅटेलाइट डेटाही फुकट, घरी बसून आपल्याच व्हाळाचं (ओढ्याचं) पाणलोट काढून सोबत पाठवलंत तर मार्कशीटपेक्षा ते आधी बघतील.

आणि हो म्हणण्याआधी ग्रुपमधल्या पोरांना वेगळं गाठून विचारा. गाईड वेळ देतो का, फिल्डचे पैसे खिशातून घालावे लागतात का, पेपरवर नाव येतं का, मुली फिल्डला जातात तर राहायची सोय काय असते. मला एका ठिकाणी इंटरव्ह्यूत तोंडावर सांगितलं, डोंगर चढायचं काम आहे, मुलींना झेपत नाही. सत्तरीतल्या बायका काजूच्या सीझनला रोज किती चढ-उतार करतात ते त्यांना कोणीतरी दाखवायला हवं. तिथे मी गेले नाही, बरंच झालं.

घरच्यांचा प्रश्न वेगळा असतो. आपल्याकडे जिऑलॉजी म्हणजे खाण, आणि २०१२ ला खाणी बंद पडल्यापासून जिऑलॉजी म्हणजे बेकारी, असं डोक्यात पक्कं बसलंय. (त्यापेक्षा पोर्तुगीज पासपोर्टची लाइन बरी, असं माझ्या काकांचं मत.) मी पीएचडीनंतर नोकरी हमखास मिळते असं सांगणार नाही, जागा कमी आहेत. पण पूर, दरडी, किनारा यांची कामं कमी होणार नाहीयेत, आणि ती करायला बाहेरून माणसं आणायची की इथली घ्यायची एवढाच प्रश्न आहे.

युनिव्हर्सिटीवाल्यांनाही एक सांगायचंय. खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) येतात, मानशीचे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराचे, फोटो काढतात, बांधावर चिखलाचे नमुने घेतात आणि जातात, बांध राखणाऱ्या माणसाला पुढे काय निघालं ते कधीच कळत नाही. भरतीला मानस आपोआप मिटते, ओहोटीला उघडते, हे तो लहानपणापासून बघतोय, त्याला विचारायला आणि नंतर मराठीत किंवा कोंकणीत पानभर लिहून द्यायला काय हरकत आहे?

तुमच्याकडे मागणं एवढंच, करिअरच्या पानावर नेटच्या, समर फेलोशिपच्या तारखा छापा. समर फेलोशिपचे अर्ज उन्हाळ्याच्या बरेच महिने आधी भरायचे असतात, निकालानंतर छापून उपयोग नाही, दिवाळीच्या सुमारास छापलंत तर पोरांच्या कामी येईल.

एक वाचक, डिचोली